नवरीचा आडपडदा

मे महिन्याच्या दुपारी चंद्रपूरच्या रस्त्यावर मुली दिसत नाहीत, स्कार्फ दिसतात. कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेला, मानेमागे दोन वेढे घेऊन गाठ मारलेला स्कार्फ, वर काळा गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसला टेकलेला असताना याला फॅशन म्हणायची कुणाची हिंमत नाही. बापालाही पोरगी ओळखायची तर स्कूटीच्या नंबरवरून. तिचा होणारा नवरा सिग्नलला तिच्या शेजारी कितीदा उभा राहिला असेल, याचा हिशेब दोघांकडेही नसतो. बाकीच्या जगात नवरी लग्नाच्या दिवशी तोंड झाकते. आमच्याकडे ती त्या दिवशी तोंड उघडते.

म्हणून भाचीने जाहीर केलं, की एन्ट्रीला मला डोक्यावरून तोंडापर्यंत येणारी जाळीची ओढणी पाहिजे, तेव्हा घरात दोन तट पडले. तिची आई म्हणाली, "हौस आहे पोरीची." तिची आजी, म्हणजे आमची आई, म्हणाली, "तोंड झाकाले का चोरी केली का पोरीनं?" मी काही बोलणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, तुम्ही नका बोलू मधात." मामाने काय करायचं हे शास्त्रात ठरलेलं आहे: भाचीला मांडवात आणायचं, तिच्या पाठीशी उभं राहायचं आणि गप्प बसायचं. यातल्या तिसऱ्या कलमाची अंमलबजावणी सहा महिने आधी सुरू झाली.

गप्प बसलेला माणूस वाचतो. नवरीने तोंड झाकायची चाल फार जुनी निघाली. प्राचीन रोममधली नवरी ज्वाळेच्या रंगाची, पिवळ्या-केशरी छटेची ओढणी घ्यायची. आजीला हा रंग लगेच पटला; हळदीच्या जवळचा होता ना. बायबलमधल्या रिबेकेने इसहाकाला दुरून येताना पाहिलं आणि ओढणी घेऊन तोंड झाकलं. तिचाच मुलगा याकोब. त्याने राहेलसाठी मामाकडे सात वर्षं राबून काढली आणि लग्नानंतरच्या सकाळी पाहतो तर शेजारी तिची थोरली बहीण लेआ! मामांच्या इतिहासातलं हे एक काळं पान आहे. त्याची आठवण सांगतात ती ज्यू लग्नांत. तिथे नवरदेव आधी नवरीचा चेहरा नीट पाहून घेतो आणि मग स्वतःच्या हाताने तिच्यावर ओढणी टाकतो. माल तपासून मगच पाकीट बंद. आता राहिली पांढरी जाळीदार ओढणी. १८४० साली व्हिक्टोरिया राणीने लग्नात पांढरा झगा आणि हॉनिटनची लेस घातली, तिथून पांढऱ्याची लाट पसरली. राणीला ओढणी शोभली यात नवल नाही. तिच्या लग्नात मांडवाबाहेर कुलर नव्हते आणि लागलेही नसते, ते लग्न फेब्रुवारीतलं.

मराठी नवरीच्या तोंडावर मात्र पडदा नाही. सरदार-जहागीरदारांच्या वाड्यांतला गोषा सोडला तर डोक्यावर पदर, कपाळावर मुंडावळ्या आणि चेहरा उघडा, हीच आपली रीत. आपण पडदा नवरीच्या अंगावर टाकत नाही, दोघांच्या मधे धरतो. अंतरपाट. एका बाजूला गुरुजी, दुसऱ्या बाजूला घरचा कुणीतरी उत्साही माणूस, ज्याचे हात तिसऱ्या मंगलाष्टकानंतर भरून येतात. मग पाचव्या मंगलाष्टकाला हौशी आत्या माईक घेतात, त्यांनी स्वतः रचलेलं असतं, त्यात दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांची नावं असतात. अंतरपाट हळूहळू खाली येतो. नवरदेव वरून डोकावतो, मित्र ओरडतात, गुरुजी कापड पुन्हा वर घेतात. युरोपातली नवरी आपला पडदा स्वतः वागवते. आपल्याकडे तो दोन माणसांना धरून ठेवावा लागतो. दोन घरांमधलं अंतर टिकवायलाही मनुष्यबळ लागतं म्हणायचं.

या अंतरपाटाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट जांबची. 'सावधान' शब्द ऐकून नारायण सावध झाला, मांडवातून पळाला आणि पुढे समर्थ रामदास झाला, असं परंपरा सांगते. ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली, पण अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीची विचारपूस कुठल्याच कीर्तनकाराने केलेली ऐकली नाही. कापड बाजूला झालं तेव्हा तिच्या समोर काय होतं? रिकामा पाट. सावधान तर तिलाही म्हटलेलं होतं.

आमचे दोन जिल्हे लग्नातल्या पडद्यांच्या बाबतीत भलते श्रीमंत आहेत. १९८२ मध्ये गडचिरोली चंद्रपुरातून वेगळा निघाला, पण सोयरिकी काही वाटल्या गेल्या नाहीत. दक्षिणेला सिरोंचाकडे जावं तर बोलणं तेलुगू, लग्नंही तेलुगू वळणाची. तिथेही वधूवरांच्या मधे पडदा असतो, आणि पडदा असतानाच दोघं एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवतात. चेहरा दिसायच्या आधी टाळूची ओळख. संसारात पुढे डोकंच खायचं असल्यामुळे सुरुवात योग्य ठिकाणी होते.

मुलचेरा-चामोर्शीकडे पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली माणसांची गावं आहेत. बंगाली रीत अशी, की नवरीला पाटावर बसवून भाऊ-काका उचलतात आणि नवरदेवाभोवती सात फेरे घालतात. पडदा म्हणून तिच्या हातात असतात दोन विड्याची पानं. ती तिने स्वतःच तोंडापुढे धरायची आणि फेरे संपल्यावर स्वतःच बाजूला करायची. मग दोघांची शुभदृष्टी. मला हा पडदा सगळ्यांत आवडतो. शिवून घ्यावा लागत नाही, इस्त्री नको, पिना नकोत, आणि केव्हा काढायचा ते नवरीच्या हातात. खांद्यावर पाट घेतलेले काका लोक "पानं लवकर काढ गं बाई" म्हणत असतील, तो भाग वेगळा.

गोंड-माडिया गावांत जुन्या रीतीने वऱ्हाड नवरीकडचं निघतं. नवरीला घेऊन नवरदेवाच्या गावी जायचं, आणि देणंघेणंही मुलाकडून मुलीकडे. जंगलातल्या डहाळ्यांचा मांडव घालतात, रात्रभर ढोल वाजतो. ज्या मुलामुलींनी हातात हात घालून रेला नाच केलेला आहे, त्यांच्यामधे पडदा धरून काय झाकणार?

आणि चंद्रपूर तर दीक्षाभूमीचं गाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूर झालं आणि १६ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. इथल्या बौद्ध लग्नात पांढरी साडी नेसलेली नवरी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उघड्या चेहऱ्याने उभी राहते. मुहूर्त नाही, अंतरपाट नाही. त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, हार. पांढरा रंग तिकडे व्हिक्टोरियामुळे आला, इकडे धम्मामुळे. पण आमच्या पांढऱ्याबरोबर जाळी आली नाही. ज्यांच्या आज्यांना खाली पाहून चालावं लागलं, त्या नाती समोर पाहून सही करतात.

एवढं सगळं आजूबाजूला असताना भाचीची जाळी कुठून आली? तर मोबाईलमधून. २०१८ मध्ये दीपिका पदुकोणच्या ओढणीच्या काठावर 'सदा सौभाग्यवती भव' लिहिलेलं दिसलं, आणि त्यानंतर गावोगावच्या दुकानांत हा आशीर्वाद मीटरवर मिळू लागला. आम्ही गेलो त्या दुकानातही होता. दुकानदाराने ओढणी झटकून पसरली. आईने चष्मा लावून काठ वाचला. "भव शिवणीत गेला," ती म्हणाली. खरंच, आशीर्वाद 'सदा सौभाग्यवती'पर्यंत येऊन दुमडला होता.

पुढच्या दोन तासांत मला कळलं, की ओढणी निवडणं हे सिमेंट निवडण्यापेक्षा अवघड काम आहे. पहिली परीक्षा मुंडावळ्यांची. जाळीच्या भोकांत मोत्यांची सर अडकते आणि मान वळवली की नवरी एका बाजूला ओढली जाते. दुसरी नमस्काराची. आमच्या मांडवात नवरीला वाकून इतक्यांच्या पाया पडावं लागतं, की तिसऱ्या आजोबांपर्यंत ओढणी घसरून त्यांच्या पावलांवर जाते. भाचीने दुकानात वाकून पाहिलं. ट्रायलला दुकानदाराच्याच पाया पडली. तो बिचारा संकोचला, म्हणाला, "अहो ताई, मी तुमच्यापेक्षा लहान आहो!" तिसरी परीक्षा होमाची. कृत्रिम धाग्याची जाळी ठिणगी पडली की नुसती जळत नाही, वितळते आणि चिकटते. लाजाहोमाच्या वेळी लाह्या टाकताना हे आठवून उपयोग नाही, आधीच आठवावं. चौथी परीक्षा उकाड्याची, तिच्यात बाकी सगळ्या ओढण्या नापास झाल्या.

मग दुकानदाराने खालच्या खणातून एक घडी काढली आणि आवाज बदलून म्हणाला, "ही प्युअर कोसा."

इथे आईचं तेज जागं झालं. तिचं माहेर आरमोरीकडचं. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक कोसाच्या अळ्या वाढवतात. पाखरं उचलून नेऊ नयेत म्हणून दिवसभर झाडाखाली गलोल घेऊन पहारा देतात. अळी स्वतःभोवती कोसला विणते आणि त्याला चक्क देठ काढून फांदीला कडी घालते, वाऱ्याने पडू नये म्हणून. तो कोसला शिजवून मऊ करायचा, धाग्याचं टोक शोधायचं आणि उघड्या मांडीवर घोळवत धागा ओढायचा. या कामाने बायकांच्या मांडीची कातडी सोलवटते. आईने हे लहानपणी पाहिलेलं. तिने ओढणीच्या दशीतून एक धागा उपसला आणि दुकानदाराला म्हणाली, "माचीस आहे का?"

दुकानात शांतता झाली. धागा पेटला, चटकन आकसला, टोकाला कडक काळी गोळी झाली आणि जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. खरं रेशीम जळलं तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. आईने ती गोळी काउंटरवर ठेवली. दुकानदार म्हणाला, "आजी, याच्यावरची आहे माझ्याकडे." त्याने दुसऱ्या खोलीतून दुसरी घडी आणली. ही रंगवलेली नव्हती. कोशाचाच मधाळ, थोडा मातकट रंग, आणि काठाला करवतीचे दाते. नागभीड-भंडाऱ्याकडचे विणकर या करवती काठासाठी तीन धोटे चालवतात, दोन काठांचे आणि एक अंगाचा, म्हणून काठाचा रंग अंगात उतरत नाही. पातळ विणीची होती, हाताला थंड लागत होती. भाचीने ती डोक्यावरून तोंडावर ओढली आणि आरशासमोर उभी राहिली.

"कशी दिसते?" तिच्या आईने विचारलं.

भाची आत बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मला सगळं दिसते इथून. तुम्हाला मी दिसतो का?"

आम्हाला नुसता आकार दिसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बुद्धपौर्णिमेच्या रात्री ताडोब्याच्या पाणवठ्यांवर लोक मचाणावर बसतात. लग्नसराईही त्याच वैशाखातली. पाण्यावर वाघ येतो, अस्वल येतं, रानडुक्कर येतं, सगळी आपापल्या तोऱ्यात, आणि आडोशाला बसलेला माणूस वहीत निमूट टिपून घेतो. नवरीची ओढणी म्हणजे हे मचाण. आपण इतकी वर्षं समजत आलो, की पडदा नवरीला लपवायला आहे. लपते ती खरी, पण मांडवात पाणवठ्यावर येतात ते आपण. अंतरपाटातून मात्र कुणालाच काही दिसत नाही. दोन्ही बाजूंना सारखा अंधार, म्हणून तो न्यायी. मचाण एकालाच मिळतं, आणि ज्याला मिळतं त्याने ते सोडू नये.

त्यामुळे ओढणी निवडणाऱ्या मुलींना मामा या नात्याने माझा एकच सल्ला. आरशातून नव्हे, ओढणीच्या आतून पाहा. चार पावलं चाला, स्टेजची पायरी दिसते का बघा. रुखवतावरचं भांडं ओळखू येतं का बघा. नवरदेवाचा चेहरा, आणि त्याहून महत्त्वाचं, नवरदेवाच्या आईचा चेहरा स्पष्ट दिसतो का बघा. भारी जर आणि दाट भरतकाम फोटोत छान येतं, पण मग फोटोच पाहावे लागतात.

लग्न मुहूर्तापेक्षा दोन तास उशिरा लागलं, म्हणजे आमच्याकडच्या मानाने वेळेवर. मी भाचीला मांडवात आणली. कोसाची ओढणी, आत तिचा चेहरा, बाहेर अडीचशे मोबाईल. रात्री पाठवणीच्या आधी ती बायकांच्या घोळक्यात बसून अहवाल देत होती. डेकोरेशनवाल्याने मोठा कुलर स्वतःच्या खुर्चीकडे वळवला होता. एका काकांनी अहेराचं पाकीट उघडून त्यातली पाचशेची नोट काढून दोनशेची घातली. नवरदेव इतका घाबरलेला होता, की हार उलटा धरला होता. त्याच्या आईने दोनदा डोळे पुसले, ते पाहून हिला बरं वाटलं.

आमची आई कौतुकाने ऐकत होती. मग पुढे सरकून तिने विचारलं, "अन् मंगलाष्टकं लागाच्या आधीच पंगतीत कोण जाऊन बसलं होतं, ते दिसलं का तुले?"

"दिसलं ना," भाची म्हणाली. "तू, आजी."