फक्त एक बुश

इटलीत कॉलेजची पदवी असलेल्या माणसाला लोक बिनदिक्कत ‘दोत्तोरे’ म्हणतात. त्यासाठी इंजेक्शन देता यावं लागत नाही. जुन्या स्पोर्ट्स कार बाळगणारे असे दोत्तोरे तिथे गावोगाव सापडतात. त्यातलेच एक नमुन्यादाखल घेऊ. मुक्काम मिलानच्या बाहेर, व्यवसाय हिशेबनिसाचा, वय साठीच्या अल्याडपल्याड आणि दारात 1967 ची लाल अल्फा रोमिओ स्पायडर. गाडीखालून ‘टक्’ असा आवाज येतो आणि ती उभी असताना जराशी डावीकडे झुकते, एवढीच त्यांची तक्रार.

“एखादा बुश गेला असेल. फक्त तेवढा बदला,” दोत्तोरे म्हणाले.

मेकॅनिकला ते आदराने ‘माएस्त्रो’ म्हणतात. माएस्त्रोंनी मान डोलावली आणि नवी वही काढली. जुन्या गाड्यांच्या धंद्यात ‘फक्त’ हा शब्द ऐकला की शहाणा मेकॅनिक नवी वहीच काढतो.

गाडी मात्र तालेवार घराण्यातली. मार्च 1966 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. बॉडी पिनिनफरिना यांच्याकडची. खुद्द बत्तिस्ता पिनिनफरिना त्यानंतर महिन्याभरात वारले. नावासाठी स्पर्धा घेतली आणि ‘दुएत्तो’ हे नाव निवडलं, तर त्याच नावाचं चॉकलेटचं बिस्किट आधीपासून बाजारात होतं. मग कागदोपत्री ती नुसतीच ‘स्पायडर 1600’ राहिली. गोल निमुळत्या शेपटीवरून लोकांनी तिला टोपणनाव दिलं ‘ओस्सो दी सेप्पिया’, म्हणजे आपल्याकडे वैद्याच्या दुकानात मिळतं ते समुद्रफेन. 1967 च्या ‘द ग्रॅज्युएट’ सिनेमात डस्टिन हॉफमन अशीच लाल गाडी पिटाळतो आणि ऐन मोक्याला तिचं पेट्रोल संपतं. हा प्रसंग कुणी काढला की दोत्तोरे ठणकावतात, “पेट्रोल संपलं. सस्पेन्शन गेलं नव्हतं!”

त्यांचं गेलं होतं. गाडी वर घेतल्यावर माएस्त्रोंनी टॉर्च मारला. पुढचं प्रत्येक चाक खालून विशबोनने धरलेलं. वर एक आडवी दांडी आणि तिला टेका द्यायला एक तिरकी, म्हणजे कॅस्टर रॉड. मागे अखंड ॲक्सल, त्याला दोन लांब हात, आणि पिकअप घेताना त्याने गिरकी घेऊ नये, डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून डिफरन्शियलवर ‘टी’च्या आकाराचा आणखी एक हात. या बहुतेक सांध्यांत रबराचे बुश. रबर म्हातारं झालं की आधी कडक होतं, मग तडकतं आणि शेवटी नुसतं नावाला उरतं. माएस्त्रोंनी एका बुशात स्क्रूड्रायव्हर घातला, तो पलीकडून बाहेर आला.

“रबरच पुन्हा बसवतो,” माएस्त्रो म्हणाले. दोत्तोरेंनी मात्र आठवडाभर रात्री जागून अभ्यास केला होता. त्यांना पॉलियुरेथेन हवं होतं. कडक, टिकाऊ आणि रेसवाले वापरतात ते.

बसवलं. वळणावर गाडी खरोखरच ताठ राहू लागली. पण रबर जो धक्का गिळून टाकायचं, तो आता थेट दोत्तोरेंच्या मणक्यापर्यंत पोहोचू लागला. शिवाय पॉलियुरेथेन कोरडं पडलं की कुरकुरतं. आधी गाडी ‘टक्’ करायची. आता प्रत्येक गतिरोधकावर ती नव्या कोल्हापुरी चपलेसारखी वाजू लागली. दोन महिन्यांत पुढे पुन्हा रबर आलं. त्या वेळी माएस्त्रोंनी एक अट घातली. रबराचा बुश गाडी लटकती ठेवून आवळायचा नाही. चाकं जमिनीवर टेकवून, नेहमीचा भार ठेवून मगच बोल्ट पक्का करायचा, नाहीतर रबर जन्मभर पिळलेलं राहतं. “नेहमीचा भार म्हणजे तुम्ही. वजन किती?”

“75,” दोत्तोरे म्हणाले आणि त्यांनी कोट सावरला.

नंतर आल्या स्प्रिंगा. दोत्तोरेंना गाडी जमिनीलगत हवी होती. आखूड स्प्रिंग टाकली की गाडी देखणी दिसते, यात वाद नाही. पण खालची विशबोन बाहेरच्या टोकाला वर उचलली जाते आणि वळणावर बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर, गाडी जेवढी खाली आली त्याच्याहूनही जास्त खाली घसरतो. म्हणजे कलणं थांबवायला खर्च करावा आणि कलायचा जोर वाढावा! त्यावर उतारा म्हणून लांब दांड्याचे बॉल जॉइंट, त्यांना जोड म्हणून जाडजूड अँटी-रोल बार, आणि एवढं केलं तर लाल रंगाचे कोनीचे ॲडजस्ट होणारे शॉकॲब्सॉर्बर कशाला सोडायचे? 1965 च्या जीटीए या रेसच्या थोरल्या बहिणीला मागच्या ॲक्सलखाली सरकता ठोकळा लावत असत, हेही दोत्तोरेंनी वाचून काढलं.

“त्यांना शर्यत जिंकायची होती,” माएस्त्रो म्हणाले. “तुम्हाला पाव आणायला जायचंय.”

ठोकळा राहिला. स्टेअरिंग राहिलं नाही.

या गाड्यांचा स्टेअरिंग बॉक्स जर्मन झेडएफचा असतो, नाहीतर इंग्लंडच्या बर्मनच्या धाटणीचा. इटलीचा अभिमान मिरवणाऱ्या दोत्तोरेंना हे कळलं तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. बॉक्सच्या पुढे तीन दांड्या, त्यांना सहा बॉल जॉइंट आणि समोरच्या अंगाला एक आयडलर. प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढिलाई असली तरी बेरीज होऊन स्टेअरिंगवर बोटभर प्ले येतो. बॉक्सवर एक स्क्रू असतो. तो आवळला की प्ले कमी होतो, म्हणून तो आवळायचा मोह होतो. पण झीज असते मधोमध, कारण गाडी आयुष्यातला बहुतेक काळ सरळच जाते. मधल्या झिजेसाठी आवळलं की वळणावर स्टेअरिंग अडतं. दोत्तोरेंनी घरीच स्क्रू फिरवला होता. पहिल्याच चौकात गाडी वळली ती सरळ व्हायला राजी होईना, आणि त्यांनी एका कारंज्याला सव्वा प्रदक्षिणा घातली.

मुंबईकराला या प्ले-पुराणात नवल वाटणार नाही. कुर्ल्याला तयार व्हायची ती प्रीमियर पद्मिनी मुळात इटलीचीच, फियाट 1100. पुढे विशबोन, मागे पाटे. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवत काळी-पिवळी पद्मिनी हाकणारे टॅक्सीवाले ऑक्टोबर 2023 पर्यंत मुंबईने पाहिले. फरक इतकाच की त्यांनी त्या सवयीत कधी सुधारणा मागितली नाही.

रुंद टायरांचा मोहही दोत्तोरेंना झाला. मुळात या गाडीचे टायर 155 चे, गाडी साधारण एक टनाची आणि पॉवर स्टेअरिंग स्पायडरला मिळालं ते 1990 च्या शेवटच्या पिढीत. रुंद टायर लावून पार्किंग केलं त्या दिवशी दोत्तोरेंच्या खांद्याला शेक द्यावा लागला.

आणि या सगळ्यावर टांगती तलवार होती ती सर्टिफिकेटची. गाडीच्या जन्मवर्षाच्या आदल्याच साली, 1966 मध्ये, स्थापन झालेली आसी ही संस्था ऐतिहासिक वाहनांना प्रमाणपत्र देते आणि तिचा जीव ‘मूळ’ या शब्दात असतो. म्हणून काढलेला प्रत्येक गंजका बोल्ट, प्रत्येक तडकलेला बुश दोत्तोरेंनी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली ठेवला आहे. घरातल्या लोकांच्या मते पलंगाखाली आता अर्धी स्पायडर आहे.

इतकं होऊनही गाडी डावीकडे झुकतच होती. माएस्त्रोंनी शेवटी चार चाकांखाली चार वजनकाटे मांडले. स्टेअरिंग डावीकडे, म्हणून चालवणाऱ्याच्या जागी 75 किलोंची वाळूची पोती ठेवली, स्प्रिंगखालच्या चकत्या कमीजास्त केल्या आणि गाडी कशी अगदी सपाट, तराजूच्या काट्यासारखी उभी केली. पोती काढली. दोत्तोरे बसले. डावा कोपरा बसला.

माएस्त्रोंनी चारही काट्यांची बेरीज केली, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं. हिशेबनिसाने ते वजाबाकीचं गणित काचेतून उलटं वाचलं: 93.

गॅरेजातली पोरं स्पॅनर पुसू लागली.

“दोत्तोरे,” माएस्त्रोंनी पेन्सिल कानावर ठेवत विचारलं, “हे वरचे 18 किलो कागदावर कसे दाखवू? मूळचे, की नंतरची सुधारणा?”

दोत्तोरेंनी टपाकडे पाहिलं. तो उघडाच होता, लपायला जागा नव्हती. “पोती आणखी आणा,” ते म्हणाले, आणि पोट आत ओढून गाडीतून उतरले.