आमचा फिका जिल्हा

पुस्तकातला जनगणनेचा तक्ता वाचायला चष्मा लागतो आणि चिकाटी लागते. माझ्याकडे फक्त चष्मा आहे. त्यामुळे तेच आकडे कुणीतरी इंटरनेटवरच्या नकाशात ओतून ठेवलेत हे कळल्यापासून माझ्या संध्याकाळी मार्गी लागल्या. डावीकडे यादी असते: लोकसंख्या, घनता, साक्षरता, स्त्री-पुरुष प्रमाण आणि असंच बरंच काही. त्यातलं एक निवडलं की सगळा देश रंगतो. आकडा मोठा तिथे गडद, लहान तिथे फिका. बाण जिल्ह्यावर नेला की छोटी चौकट उघडून माहिती सांगते, बाण हलवला की गप्प बसते. टीव्हीवरच्या चर्चेत ही सोय नाही.

आकडे 2011 चे आहेत. 2021 ची जनगणना करोनात अडकली ती अडकलीच, आता 2027 चा मुहूर्त निघाला आहे. म्हणजे या नकाशातला महाराष्ट्र अजून 35 जिल्ह्यांचा आहे आणि पालघर ठाण्याच्या पोटात आहे. आमच्या इमारतीत 2011 साली पाळण्यात असलेली मुलं आता गच्चीवर जाऊन मोबाइलवर हळू आवाजात बोलतात. नकाशात ती सगळी ‘0 ते 6 वयोगट’ या रकान्यात निवांत झोपली आहेत.

सगळ्यात आधी मी घनतेचा नकाशा उघडला. अरुणाचल प्रदेशातला दिबांग खोऱ्याचा जिल्हा नऊ हजार चौरस किलोमीटरहून मोठा, आणि माणसं 8,004. चौरस किलोमीटरला एक, तेही कसंबसं. मुंबई शहर जिल्हा 157 चौरस किलोमीटरचा आणि त्यात माणसं 30,85,411. पडद्यावर मात्र दिबांग ऐसपैस पसरलेला, आणि मुंबई शहर सापडायला नकाशा मोठा मोठा करत न्यावा लागतो. या नकाशांची ही खोडच आहे. ते माणसं मोजतात आणि रंगवतात जमीन. दिबांगमधली यच्चयावत प्रजा आमच्या डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या दोन लोकलमध्ये मावली असती. तिसऱ्या लोकलला त्यामुळे जागा झाली असती असं मात्र कुणी समजू नये.

दुसरी खोड रंगाच्या पायऱ्यांची. नकाशाच्या कोपऱ्यात एक बटण आहे, त्याने पायऱ्या कशा पाडायच्या ते ठरवता येतं. समान अंतराच्या पाच पायऱ्या पाडल्या तर महाराष्ट्रात मुंबईचे दोन जिल्हे काळेकुट्ट होतात आणि उरलेले 33 जिल्हे एकाच फिक्या रंगात जातात. पुणेही गेलं आणि गडचिरोलीही गेलं. गडचिरोलीत चौरस किलोमीटरला 74 माणसं, पुण्यात 603, पण मुंबई उपनगरातल्या 20,980 पुढे दोघांची इयत्ता एकच. पुणेकरांना हे कळवावं की नाही यावर मी बराच विचार केला. मग दुसरं बटण दाबलं. यात प्रत्येक रंगाच्या वाट्याला सारखेच, सात-सात जिल्हे येतात. आता नकाशा छान पंचरंगी झाला आणि पुणं थेट वरच्या पंक्तीत जाऊन बसलं. पण त्याच पंक्तीत मुंबईच्या शेजारी नाशिकही येऊन बसलं. नाशिकची घनता 393. आकडा एकही बदललेला नाही, फक्त बटण बदललं. यापुढे कुणी रंगीत नकाशा दाखवून काही पटवायला आला, तर मी आधी बटण कुठलं दाबलं होतं ते विचारणार आहे.

हे झालं मनोरंजन. माझं बोट खरं अडकलं ते लोकसंख्यावाढीच्या थरावर. 2001 ते 2011 या दहा वर्षांत देश वाढला, राज्य वाढलं. महाराष्ट्रात फक्त तीन जिल्हे कमी झाले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. रत्नागिरी 16,96,777 वरून 16,15,069 वर आली. मुंबई शहर साडेसात टक्क्यांनी आटलं. आणि ठाणे जिल्हा 36 टक्क्यांनी वाढून 1,10,60,148 माणसांचा, देशातला सगळ्यात मोठा जिल्हा झाला.

अभ्यासकांना यात नागरीकरण दिसत असेल. मला आमचं घर दिसलं. आजोबा रत्नागिरीतल्या राजापूर तालुक्यातून बोटीने मुंबईला आले, परळच्या गिरणीत लागले आणि गावमंडळाच्या खोलीत राहिले. त्या खोलीत वळकट्या कमी आणि माणसं जास्त, पण पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे भागायचं. रात्रपाळीवाला उठून गेला की दिवसपाळीवाला त्याच वळकटीवर. तिथली घनता कुठल्याही नकाशाने रंगवलेली नाही आणि रंगवायला गेला असता तर रंग पुरला नसता. वडील त्याच गिरणगावात. 1982 च्या संपानंतर गिरण्या बसल्या, मग त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, मग टॉवर उभे राहिले. आम्ही डोंबिवलीला आलो. निवृत्तीनंतर आई-वडील पुन्हा गावी गेले. वडील गेल्यावर आई तिथेच राहिली आहे, कारण घराला कुलूप घालायचं तिच्या जिवावर येतं. एक फिका जिल्हा, मग दुसरा फिका होत जाणारा जिल्हा, मग गडद जिल्हा. वंशावळ लिहायला भटजी लागतात, आमची जनगणना कार्यालयाने रंगवून दिली.

कमी होणारे जिल्हे देशात आणखीही आहेत. उत्तराखंडात अल्मोडा आणि पौडी गढवाल, केरळात पथनमथिट्टा. एकमेकांची भाषा कळत नसली तरी यांची मनीऑर्डरवरची मतं जुळतील असा माझा अंदाज आहे.

मग स्त्री-पुरुष प्रमाणाचा थर. इथे रत्नागिरी महाराष्ट्रात पहिली. हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया. देशाची सरासरी 943, राज्याची 929. हजाराच्या वर आणखी फक्त सिंधुदुर्ग, तिथे 1,036. हा आकडा घेऊन मी बायकोपुढे छाती काढली, की बघ, आमच्याकडे बाईमाणसाला केवढा मान आहे. ती मूळची साताऱ्याची. तिने चष्मा लावला आणि बाण स्वतःच्या हाताने मुंबई शहरावर नेला. 832. मग ठाण्यावर. 886. “तुमच्याकडचे पुरुष इकडे आहेत,” एवढं बोलून ती कुकर बघायला गेली. लहान मुलांचं प्रमाण वेगळं काढलं तर रत्नागिरीतसुद्धा मुली मुलांपेक्षा कमीच भरतात, हेही मी नंतर गुपचूप पाहिलं आणि छाती आत घेतली.

रविवारी आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिला नकाशा कळतो, कारण तिने जमिनीच्या मोजणीसाठी आयुष्यभर भूमी अभिलेखच्या चकरा मारल्या आहेत.

“आम्हाला कुठल्या रंगात घातलंय?”

“फिक्या.”

“फिक्या म्हणजे? अंगात रक्त नाही म्हणतात की काय?”

“माणसं कमी म्हणून, आई.”

“ते मी अंगणात उभी राहून सांगितलं असतं. त्याला नकाशा कशाला?”

मग तिला 2011 ला मोजणीसाठी आलेले गुरुजी आठवले. झेडपीच्या शाळेतले, उन्हातून आले म्हणून तिने त्यांना कोकम सरबत दिलं होतं. त्यांनी वय विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “लिवा साठ.” खरं वय विचारू नका, तिलाही नेमकं माहीत नाही. ती एकटी नाही. नकाशाच्या खाली वयाचा आलेख उघडतो. त्यात चाळीसला उंच सुळका आहे, आजूबाजूला एकोणचाळीस-एक्केचाळीसला खड्डे. पुन्हा पंचेचाळीसला सुळका, पन्नासलाही. सगळा देश शून्यावर आणि पाचावर वाढदिवस करतो. आणि शंभरी ओलांडलेले सहा लाखांहून जास्त निघाले! यातल्या किती जणांनी खरंच शंभर दिवाळ्या पाहिल्या आणि किती जणांच्या नातवाने गुरुजींना ‘असतील की शंभर’ म्हणून सांगितलं, ते नकाशाच्या बाणाला विचारून उपयोग नाही.

आईचा खरा आक्षेप वेगळा होता. “मोजायला आले कधी? शिमग्याच्या आधी. गणपतीत यायला काय झालं होतं?”

हा मुद्दा मला आधी विनोदी वाटला, नंतर वाटेना. गेल्या वेळची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या काळात झाली. इंग्रजांच्या वेळी 1931 पर्यंत तर सगळा देश एका रात्रीत मोजत. ती रात्र निवडताना जत्रा टाळायचे, लग्नाचे मुहूर्त टाळायचे आणि मोजणाऱ्याला वाट दिसावी म्हणून चांदणं बघायचे. म्हणजे माणसं हलत नसतील अशी वेळ गाठायची. पण महाराष्ट्रात फेब्रुवारीत माणसं हलत नाहीत हे कुणी सांगितलं? त्या वेळी ऊस तोडणीला आलेला असतो. बीडकडची कुटुंबं दसरा-दिवाळीलाच मुकादमाची उचल घेऊन निघालेली असतात आणि कारखान्याच्या आसपास कोप्या घालून राहतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हे त्यांच्या हिशेबाचं एकक. जनगणनेचा नियम असा, की मोजणीच्या सगळ्या काळात माणूस घरी नसेल तर त्याला सापडेल तिथे मोजायचं. म्हणजे माजलगावकडचा माणूस कागदोपत्री कोल्हापूरच्या फडात सापडतो. बीडचा रंग आणि कोल्हापूरचा रंग कुठल्या महिन्याचा, हे नकाशाच्या कोपऱ्यात छापत नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी, की नकाशाला वर्षाची पट्टी आहे तशी महिन्याचीही द्यावी. भाद्रपदात सरकवली की मुंबई-ठाणं फिकं पडावं आणि संगमेश्वर ते सावंतवाडी गडद व्हावं. आषाढीला पंढरपूर एक दिवस एवढं गडद व्हावं की बाण आत शिरू नये. मे महिन्यात आमच्या वाडीतली कुलपं निघावीत, जूनच्या पहिल्या सरीबरोबर पुन्हा लागावीत. देशातली सुमारे अडीच कोटी घरं 2011 च्या नोंदीत ‘रिकामी’ आहेत. आमच्या शेजारचं घर त्यात असणारच. पण त्या घरात देव आहेत, माळ्यावर गणपतीचा पाट आहे, आणि दर वर्षी घरपट्टी वेळेवर भरली जाते. असल्या घराला रिकामं म्हणायचं म्हणजे कठीण आहे.

स्थलांतराच्या रकान्यांनीही माझी अशीच करमणूक केली. जन्म कुठे, आधी कुठे राहत होता, तिथून का हललात, असे प्रश्न असतात. कारणांची यादी छापील: नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, कुटुंबाबरोबर, इतर. देशात सगळ्यात मोठं कारण कुठलं? लग्न. म्हणजे आमच्या घरातल्या सगळ्या बायका स्थलांतरित, आणि ‘आम्ही कष्ट करून इकडे आलो’ असं सांगणाऱ्या पुरुषांपेक्षा त्यांची संख्या जास्त. यादीत आणखी एक कारण आहे ‘जन्मानंतर स्थलांतर’. ते वाचून मी आधी चक्रावलो, मग उलगडा झाला. पहिलं बाळंतपण माहेरी! मी लांज्याला आजोळी जन्मलो आणि बारसं उरकल्यावर दुपट्यात गुंडाळून एसटीने राजापूरला आणला गेलो. देशाच्या दप्तरी ते माझं पहिलं स्थलांतर. सामान एक काजळाची डबी आणि एक खुळखुळा.

आता 2027 ला आपली माहिती आपणच मोबाइलवर भरता येणार आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग वय तूच ठरव.” पण मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच, हे कळल्यावर ती जरा गप्प झाली. नंतर तिने तो नियम मला पुन्हा वाचायला लावला. सगळा काळ घरी नसेल तर सापडेल तिथे मोजायचं?

“हो.”

“मग तू इथे सापड की.”

गेल्या वेळच्या तारखा धरल्या तर वीस दिवस होतात. बायकोची हरकत नाही. ती म्हणते साताऱ्यालाही एक आकडा कमी आहे, ती तिकडे सापडेल. अडचण ऑफिसची आहे. आमच्या रजेच्या अर्जात कारणाचा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. तूर्त मी तिथे ‘जिल्ह्याची घनता वाढवण्यासाठी’ असं लिहून ठेवलं आहे.