सात टक्क्यांतला जावई

आमचे जावई चाकणला गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला आहेत. लग्नानंतर पहिल्यांदा ते चिंचवडला जेवायला यायचे होते, तेव्हा हिने आदल्या दिवशीच फोन केला, ''येताना चाकणच्या बाजारातून कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणा हं.'' तिथे कांद्याबरोबर मेथी-कोथिंबिरीचाही लिलाव होतो, माल ताजा मिळतो. जावई जुड्या घेऊन आले खरे, पण गाडीच्या चारही काचा खाली. एसी बिघडला असेल, असं मला वाटलं.

वड्या खमंग झाल्या होत्या. जावईबापूंनी एक तोंडात टाकली आणि पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. पुढचे तीन रविवार तेच. चौथ्या रविवारी ते हळूच म्हणाले, ''आई, राग मानू नका, पण जरा साबणासारखं लागतंय.''

झालं! ही उठली ती थेट मोरीत. भांड्याला साबण राहिला, एवढाच अर्थ तिला कळला. कढई, परात, चाळणी, सगळं पुन्हा घासून चार पाण्यांतून काढलं. भांडीवाल्या मावशींची उलटतपासणी झाली. त्या काम सोडायला निघाल्या होत्या. पुढच्या रविवारी लखलखीत ताटात वडी वाढली. ती साबणासारखीच लागली.

मग आमच्या मायक्रोबायॉलॉजीवाल्या कन्येने तोंड उघडलं. (नवऱ्याचं गुपित तिला महिनाभर ठाऊक होतं. असो.) लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ साली वास ओळखणाऱ्या जनुकांचं अख्खं खानदान शोधलं, त्यासाठी २००४ साली नोबेल मिळालं. हत्तीकडे अशी सुमारे २००० जनुकं चालू आहेत, माणसाकडे जेमतेम ४००. आणखी सहाशेच्या आसपास आहेत, पण बंद. भोसरीतल्या काही शेडसारखी : बोर्ड आहे, आत मशीन हलत नाही. चालू आहेत तीही प्रत्येकाची थोडी वेगळी, म्हणून एकाच स्वयंपाकघरात दोघांना दोन वास येतात.

कोथिंबिरीच्या वासात अल्डिहाइड नावाची द्रव्यं असतात. तसलीच साबणातही सापडतात आणि ढेकणातही. (ढेकणाचं हिला अजून सांगितलेलं नाही.) ज्यांना कोथिंबीर साबणासारखी लागते, त्यांच्यापैकी अनेकांच्या अकराव्या गुणसूत्रावर ओआर६ए२ या जनुकाजवळ एक बारीक फरक असतो, असं २०१२ साली दिसून आलं. जनुकाचं नाव ऐकून जावई म्हणाले, ''हा आमच्या स्टोअरमधला पार्ट नंबर वाटतो.'' या फरकाचा वाटाही तसा लहानच. त्याच वर्षी कॅनडातल्या तरुणांची पाहणी झाली. त्यात आपल्याकडच्या वंशाच्या मुलांपैकी फक्त ७ टक्क्यांना कोथिंबीर आवडत नव्हती.

''शंभरात सात!'' ही कपाळाला हात लावून म्हणाली, ''आणि त्यातला एक नेमका आमच्याच वाट्याला!''

ही संधी मी साधली. तीस वर्षं भोसरीत लेथवर काढली. माझ्या शर्टाला कूलंटचा कुबट दर्प येतो, हे ही तीस वर्षं ऐकवत आली, आणि मला तो कधी आलाच नाही. ''बघ, माझंही ते जनुक बंद असणार,'' मी म्हणालो.

''बाबा, हे जनुक नाही,'' कन्या म्हणाली. ''सतत येणाऱ्या वासाकडे नाक काही मिनिटांतच दुर्लक्ष करायला लागतं. तुम्हाला फक्त सवय झाली.''

तोवर विज्ञानावर काडीचा विश्वास नसलेल्या हिला ते एकदम पटलं. शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायचे, हा नियम निवृत्तीनंतरही कायम आहे.

आता रविवारी जावयांसाठी अळूच्या वड्या होतात. तेवढी एक विनंती : तुमच्या मुलाला कोथिंबीर साबणासारखी लागत असेल, तर पत्रिका देतानाच सांगून टाका. व्याह्यांची भांडी झिजणार नाहीत.