पाच फुटांची राखण

पानशेत, मुळशी, पवना, कुठल्याही धरणाच्या काठाला जा. फार्महाऊसच्या रांगा लागल्या आहेत आणि कितीतरी फाटकांशी एक कुत्रं बांधलेलं आहे. मालक शनिवारी येतो, रविवारी संध्याकाळी जातो. मधले पाच दिवस कुत्रं खांबाला, पाच फुटांच्या साखळीवर. तिथंच खाणं, तिथंच हागणं, तिथंच झोप. लोक त्याला राखणीचं कुत्रं म्हणतात. मी त्याला छळ म्हणतो.

‘बांधलं की कुत्रं तिखट होतं’ असं गावोगावी सांगतात. होतं, पण घाबरून होतं. अनोळखी माणूस जवळ आला की मोकळं कुत्रं मागे सरू शकतं, नाहीतर दात दाखवू शकतं. साखळी त्याला मागे सरू देत नाही. मग दूधवाला असो, मीटर बघणारा असो की चेंडू शोधत आलेलं पोर, त्याच्या लेखी प्रत्येक जण अंगावर येणारं संकट. ते जीव तोडून भुंकतं, माणूस आपल्या वाटेनं निघून जातो, आणि कुत्र्याला वाटतं की भुंकल्यामुळेच गेला. हेच रोज घडत राहिलं की पुढच्या वेळी ते आधी झेपावतं. कधी गळ्यातला पट्टा तुटतो, कधी पोर साखळीच्या आवाक्यात जातं, आणि सगळे म्हणतात, कुत्रं माजलं होतं. चोराला मात्र फक्त पाच फूट लांबून जायचं असतं.

अमेरिकेत डेन्व्हर शहरात चावलेल्या आणि न चावलेल्या कुत्र्यांची तुलना झाली होती. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, चावणाऱ्यांमध्ये अंगणात साखळीनं बांधलेली कुत्री ठळकपणे जास्त निघाली. मुळात चावरी होती म्हणूनच ती बांधली असतील, ही शंका रास्त आहे. तरी बांधल्यानं त्यांचं चावणं थांबलेलं नव्हतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांचा, २००१ चा. बर्फावर गाडी ओढणारी अलास्कन कुत्री आधी साखळीवर आणि मग बंदिस्त कुंपणात ठेवून पाहिली. वागण्यात फारसा फरक पडला नाही. साखळीची बाजू घेणारे हा दाखला आवर्जून देतात. पण ही शर्यतीत धावणाऱ्या जातीची कुत्री, आणि शेजारी त्यांचेच जोडीदार. आपल्या फाटकावरच्या कुत्र्याला धावणं नाही आणि शेजारही नाही. या अभ्यासातून मला दिसतं ते असं, की साखळी काढून लोखंडी पिंजरा आणला म्हणजे काम झालं नाही. कुत्रं कळपात राहणारं जनावर आहे. त्याला माणसाची सोबत लागते, नवे वास हुंगत हिंडायला लागतं. ते मिळालं नाही की ते एकाच जागी गोल फिरतं, स्वतःचे पाय चाटून सोलून काढतं, नाहीतर गप्प पडून राहतं. ते शहाणं झालं म्हणून गप्प पडत नाही, त्यानं आशा सोडलेली असते.

हे आपल्या कायद्याला १९६० सालीच समजलं होतं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधणं हा गुन्हा आहे. त्याच्या पुढचं पोटकलम तर नेमकं कुत्र्यासाठीच आहे: नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं-फिरवलं नाही, तर मालक गुन्हेगार. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. आजच्या बाजारात पन्नास रुपयांत धड साखळीही येत नाही. कोणता पोलीस एवढ्यासाठी पंचनामा करायला धरणाकाठी जाईल? ही रक्कम बदलायला हवी, आणि ते काम संसदेचं आहे. जर्मनीनं २०२३ पासून काही अपवाद वगळता कुत्र्याला साखळीवर ठेवायला बंदी घातली. कॅलिफोर्नियात चोवीस तासांत तीन तासांपेक्षा जास्त बांधता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, जो त्या देशांच्या कायद्यात शोधून सापडणार नाही. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. उसाच्या पट्ट्यात हे ठाऊक असूनही लोक रात्री कुत्रं अंगणात बांधून आतून कडी लावतात. मोकळं कुत्रं निदान पळून बघेल. बांधलेल्याला तेवढीही संधी नाही, आणि एकदा सोपं भक्ष्य सापडलं की बिबट्या त्याच दारात पुन्हा येतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण मे महिन्यात हीच साखळी जीव घेते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड ठेवतं. सकाळी सावलीत बांधलेलं दुपारी उन्हात येतं, कारण सावली सरकते आणि खांब सरकत नाही. साखळी खांबाला गुंडाळली की पाण्याचं भांडं हातभर लांब राहतं.

तेव्हा ज्यांच्या दारात कुत्रं आहे त्यांनी रात्री त्याला गोठ्यात किंवा पडवीत, दार लावून मोकळं ठेवावं. दिवसातून दोनदा हिंडवून आणावं. पिलाचा पट्टा दर आठवड्याला सैल करावा, नाहीतर मान वाढते आणि पट्टा मांसात रुततो. आणि ज्यांना फक्त शनिवार-रविवारीच जमतं, त्यांनी फाटकाला कॅमेरा आणि चांगलं कुलूप बसवावं. त्यांना कुत्र्याची गरज नाही.