फुलवाला पाहण्याचा कार्यक्रम

भाचीचं लग्न ठरायला दोन बैठका लागल्या, फुलवाला ठरायला सात. मुलाकडच्यांनी आमच्या मुलीला विचारले नसतील इतके प्रश्न आम्ही फुलवाल्यांना विचारले, आणि पोहे मात्र दर वेळी आमच्याच घरचे.

पहिला जो आला, त्याला फुलवाला म्हटलेलं आवडलं नाही. कार्डावर ‘वेडिंग डिझायनर’ होतं. त्याने टॅब काढून उदयपूरचा कुठलासा महाल दाखवला आणि म्हणाला, ‘‘सेम असंच करून देतो.’’ मी म्हटलं, ‘‘भो, आपलं लग्न यावल रस्त्याच्या लॉनवर आहे. मागे केळीची बाग, बाजूला ट्रॅक्टर.’’ ‘‘ते सगळं झाकून टाकू.’’ झाकायचे पैसे वेगळे. मग त्याने विचारलं, थीम काय ठेवायची? ताई पोह्यांवर खोबरं घालत होती, तिथूनच म्हणाली, ‘‘लग्नच ठेवू.’’

दुसरा स्वस्त होता. त्याच्या फुलांना वास नव्हता, कारण ती धुऊन पुढच्या लग्नाला जायची होती. तिसऱ्याचं, चौथ्याचं काही सांगत नाही. एकाची पत्रिका जुळली नाही आणि एक विसार घेऊन पुन्हा दिसला नाही.

गल्लीच्या तोंडाशी बसणारे माळीबाबा तेवढे बोलावल्याशिवाय आले. पोहे नको म्हणाले, चहा घेतला. ‘‘वैशाखात मोगरा घ्या ताई, आताच बहर असतो त्याचा. गुलाबाचं नाव नका काढू, दुपारले पापड होतो.’’ दोन हार, मुंडावळ्या, झेंडूच्या लडी, मांडवाला आंब्याचे डहाळे, दाराला केळीचे खांब. हार पहाटे ओवून ओल्या सोपटात गुंडाळून आणतो, म्हणाले. हिशोब बिडीच्या पाकिटामागे मावला. भाचीने विचारलं, ‘‘बाबा, तुमच्या कामाचे फोटो आहेत?’’ नव्हते. खरं तर एक होता, आमच्याच भिंतीवर: ताईच्या लग्नाचा, गळ्यात बाबांनी ओवलेला हार. पण तो कृष्णधवल, त्याला लाइक कोण देणार? नकार कळवायचं काम अर्थात मामाकडे आलं.

निवड पहिल्याचीच झाली.

आता एक जुनी गोष्ट सांगतो, कारण फैजपूरच्या माणसाला ती सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि त्यांना आणलं सजवलेल्या बैलांच्या रथातून. अधिवेशनाच्या नगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं होतं. आपण चित्रकार, बांधकामातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून ते आधी कचरले होते. (आमचा डिझायनर कशालाच कचरला नाही.) गांधीजींचा आग्रह असा की खेड्यात मिळेल तेच सामान वापरायचं आणि हातही खेड्यातल्या कारागिरांचेच लावायचे. मग बांबू-चटयांवरच एक अख्खं नगर उभं राहिलं. आता ते दिवस थंडीचे होते हे खरं, आणि नेहरूंना रील काढायची नव्हती हेही खरं.

लग्नाच्या सकाळी टेम्पो आला. त्यातून थर्माकोलच्या पेट्या उतरल्या, बर्फासकट. ऑर्किड थायलंडचं, जरबेरा पुण्याकडच्या पॉलिहाऊसमधला, रात्रभर ट्रॅव्हल्सने आलेला. आणि शेवटच्या पेटीतून काय निघावं? केळीची पानं. कापडी! ज्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या गावात, केळीच्या बागेला पाठ लावलेल्या स्टेजवर, सुरतेहून आलेली कापडी केळीची पानं, आणि वाहतूक आमच्याकडे. मी मागच्या बागेकडे बोट दाखवलं. डिझायनर समजुतीच्या स्वरात म्हणाला, ‘‘काका, ती फोटोत नॅचरल नाही वाटत.’’

मुहूर्त दुपारी बारा चाळीसचा. पारा चव्वेचाळीसच्या वर. साडेअकराला ऑर्किडने मान टाकली. बाराला जरबेरा वाकून व्याह्यांच्या पाया पडू लागला. आमच्याकडून मानपानात कसर राहिली नाही ती एवढीच. एक पोरगा फवाऱ्याची बाटली घेऊन स्टेजवर फिरत होता. फुलांवर कमी, वरबापाच्या फेट्यावर जास्त. मंगलाष्टकं चालू असताना मागची थायलंडची भिंत हिरव्या फोमसकट एका अंगाने खाली बसली. व्हिडिओवाल्याने घाईघाईने कॅमेरा वळवला, तर फ्रेममध्ये आली केळीची बाग. अल्बममधला सगळ्यात देखणा फोटो तोच, असं भाचीच्या सासरचे म्हणतात.

नवरानवरीच्या गळ्यातले हार तेवढे संध्याकाळपर्यंत ताजे होते. ते मोगऱ्याचे होते. माळीबाबांकडे गुपचूप कोणी सांगितले होते, ते मी ताईला अजून बोललेलो नाही.

बिल आलं. त्यात ‘फ्रेशनेस चार्ज’ ही ओळ आहे. त्यावरून आमची बोलणी चालू आहेत.

डिझायनरची माणसं कापडी पानं मोजून घेऊन गेली, हिरवा फोम इथेच टाकला. तो कुजत नाही आणि गाय त्याला तोंड लावत नाही. दोन पोती आमच्या ओट्यावर आहेत. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी येऊन घेऊन जावीत, पैसे नकोत.