नेटवर्कवाला

ऑफिस पुण्यातलं असो की ठाण्यातलं, तिथे एक नेटवर्कवाला असतो. त्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नसतं. सर्व्हर रूमच्या एसीमुळे ऐन मे महिन्यात त्याच्या अंगात स्वेटर, खिशात क्रिम्पिंग टूल आणि चेहऱ्यावर असा भाव, की समोरचा जे बोलणार ते चूकच असणार.

जुना इंटरकॉम काढून आयपी फोन बसवायचं ठरलं की हा खुलतो. मोठ्या साहेबांची समजूत, की फोन आणायचे, वायर खुपसायची, संपलं. हा बारीक हसून विचारतो, "पण सर, फोनला पत्ता कोण देणार?" आणि डीएचसीपी सर्व्हरचं आख्यान सुरू होतं. फोन चालू झाला की सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, "पत्ता देणारं कुणी आहे का?" सर्व्हर म्हणतो, "हा घे." फोन म्हणतो, "हाच द्या." सर्व्हर म्हणतो, "दिला." हा संवाद तो दोन आवाजांत करून दाखवतो. अकाउंट्सच्या मॅडमना आता तो पाठ आहे.

पत्ते वाटताना मात्र त्याचा सोसायटीचा सेक्रेटरी होतो, पार्किंगच्या वाटपाला बसलेला. रेंजमध्ये जागा २५४. सुरुवातीच्या काही प्रिंटर आणि स्विचसाठी राखीव. फोनना वेगळं व्हीलॅन. टेबलावरच्या फोनला आठ दिवसांची लीज, पाहुण्यांच्या मोबाइलला तासाभराची. मुदतवाढ मागायला कुणी आलं, तर "मेल टाका."

पत्ता मिळाल्यावरही फोन मुकाच राहतो, कारण आपल्या सेटिंगची फाइल कुठून उचलायची हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगायला ऑप्शन ६६ असतो, त्यात सर्व्हरचं नाव लिहायचं. सिस्कोचा स्वतःचा ऑप्शन १५०, त्यात थेट आयपी पत्ता. खरेदी विभागाने सूट मिळाली म्हणून दोन कंपन्यांचे फोन आणलेले असतात. त्यामुळे हा रात्रभर बसतो आणि सकाळी डोळे चोळत सगळ्यांना सांगतो, "एकशेपन्नास लावला, तेव्हा बोलला." ऐकणाऱ्याला वाटतं, रुपये.

खरी गंमत घड्याळाची. ऑप्शन २ मध्ये वेळेचा फरक सेकंदांत भरायचा असतो. भारतासाठी १९८००, म्हणजे साडेपाच तास. कुणीतरी भरले १८०००. दुसऱ्या दिवशी एका कंपनीचे झाडून सगळे फोन कराचीची वेळ दाखवू लागले. सव्वादहाला येणारी मंडळी फोनकडे बोट दाखवून म्हणाली, "पावणेदहाच तर वाजलेत, लेट मार्क कसला?" एचआर खवळलं. नेटवर्कवाला शांतपणे म्हणाला, "व्हेंडरच्या माणसाने भरलं." त्याच्या जगात चूक नेहमी व्हेंडरच्या माणसाची असते, आणि तो माणूस नेहमी नुकताच नोकरी सोडून गेलेला असतो.

फोन बंद पडला तर काय? भिंतीवर त्यानेच नोटीस लावली आहे: तक्रारीसाठी एक्स्टेंशन ९९ वर फोन करा. केला, तरी तो उचलत नाही. त्याच्या टेबलावरचा फोन त्याने टेस्टिंगसाठी कधीच काढून नेलेला असतो.

तरी हा माणूस ऑफिसला हवा. सेल्सच्या कुणीतरी 'वाय-फाय नीट येत नाही' म्हणून घरचा जुना राउटर टेबलाखाली जोडला, तेव्हा तेही खोकं परस्पर पत्ते वाटू लागलं आणि अर्धा मजला मुका झाला. तो लॅपटॉप काखेत मारून स्विचची यादी वाचत फिरला आणि चहा निवायच्या आत नेमक्या टेबलाखाली वाकला. त्याच दिवशी त्याने सगळ्या स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग लावलं. आता अशा खोक्याला पत्ते वाटता येत नाहीत.

सगळ्याच ऑफिसांत ते लावलेलं नसतं. म्हणून वाचकहो, वाय-फाय कितीही रडत असलं तरी घरचा राउटर घरीच ठेवा.