गाड्याबरोबर टाकीची यात्रा

आमच्या साडूभाऊंनी निवृत्तीनंतर वानप्रस्थ घ्यायचे ठरवले आहे. न्यू जर्सीतले चार बेडरूमचे घर विकायचे, मुलांना आपापल्या शहरांत सुखाने नांदू द्यायचे आणि उभयतांनी अमेरिकाभर फिरत राहायचे. वानप्रस्थात माणूस घर सोडतो, असा आमचा आपला जुना समज. साडूभाऊंच्या वानप्रस्थात घर बरोबर येते. त्याला तिकडे आरव्ही म्हणतात. अडतीस फूट लांब. आत डबलबेड, सोफा, शॉवर, दोन टीव्ही आणि बाहेरच्या अंगाला तिसरा, म्हणजे अरण्यात बसल्यावरही मालिका चुकायला नको.

आरव्हीत वर्ण तीन : ए, बी आणि सी. ए म्हणजे अख्खी बस, बी म्हणजे व्हॅन आणि सी या दोहोंच्या मधली. हा क्रम ज्याने लावला तो आमच्याच एखाद्या विद्यापीठाचा परीक्षा नियंत्रक असावा. साडूभाऊंनी अर्थातच ए निवडली. आम्ही विचारले, "ॲव्हरेज किती देते?" गॅलनला आठ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरही नाही. आमच्या एसटीच्या ड्रायव्हरला अवजड वाहनाचा परवाना लागतो, बिल्ला लागतो. तिकडे बहुतेक राज्यांत रोजच्या कारच्या परवान्यावर सत्तरीचा गृहस्थ ही बस घेऊन महामार्गावर उतरू शकतो. बस गल्लीबोळात वळत नाही, म्हणून मागे एक कार जोडून ओढत न्यायची. हे सगळे व्हिडिओ कॉलवर ऐकून ताई (म्हणजे आमच्या ज्येष्ठ मेव्हणी) एवढेच म्हणाल्या, "गाडा झाला, गाडी झाली. आता नळा मी."

मन मानेल तिथे थांबायचे, हे या प्रवासाचे ब्रीद. त्यासाठी साडूभाऊंनी एक एक्सेल शीट केले आहे. राष्ट्रीय उद्यानांतल्या लोकप्रिय कॅम्पग्राउंडचे आरक्षण सहा महिने आधी उघडते आणि बघता बघता संपते, त्यामुळे पुढच्या सप्टेंबरात मन कुठे मानणार आहे हे या मार्चातच ठरवावे लागते. शीटमध्ये 'उत्स्फूर्त मुक्काम' असाही एक रकाना आहे. त्यात सध्या चार तारखा भरल्या आहेत.

सरकारचा मात्र म्हाताऱ्यांवर लोभ आहे. वयाची बासष्टी गाठलेल्या नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला ८० डॉलरमध्ये सर्व राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. २०१७ च्या ऑगस्टपर्यंत तो १० डॉलरला होता, आणि आपण तेव्हा बासष्टचे नव्हतो याची हळहळ साडूभाऊंना आजही वाटते. लाखो डॉलरच्या बसचा सौदा करताना ती वाटली नव्हती. पास आहे, पण वाट नाही, असेही होते. माँटानातल्या ग्लेशियर उद्यानात 'गोइंग-टू-द-सन' नावाचा डोंगरातला रस्ता आहे, जगातल्या देखण्या रस्त्यांपैकी एक. त्याच्या मधल्या घाटात एकवीस फुटांहून लांब वाहनाला मनाई. म्हणजे जे पाहण्यासाठी घर विकून बस घ्यायची, त्याच्या तोंडाशी बस उभी करून कारने पुढे जायचे. "ती कार तर आपल्याकडे आताही आहे," ताई म्हणाल्या. साडूभाऊंच्या बाजूने काही वेळ नेटवर्क गेले.

घर विकल्यावर राहायचे कुठल्या राज्याचे, हाही प्रश्न असतो. न्यू जर्सीचा घरपट्टीत देशात पहिला नंबर लागतो. त्यापेक्षा साउथ डकोटा बरे. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही आणि ड्रायव्हिंग लायसन्ससाठी टपालाचा एक पत्ता आणि त्या राज्यात एक रात्र काढल्याची पावती पुरते. आमच्याकडे डोमिसाइल म्हटले की पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे आणि सेतू केंद्राच्या दारात काढलेली निम्मी हयात. तिकडे एका रात्रीत माणूस स्थानिक होतो, भूमिपुत्रांची संघटना काढायलासुद्धा सवड मिळत नाही.

साडूभाऊ निवृत्त झाले. ताईही ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त झाल्या. स्वयंपाकघर मात्र अजून सेवेत आहे आणि बसबरोबर निघणार आहे. ओटा हातभर, शेगड्या दोन. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर बस सपाट उभी असावी लागते, एरवी तो नीट गार होत नाही. म्हणजे दह्यासाठी आधी चाळीस फुटांची जमीन समतल करा. तीस अँपिअरच्या जोडणीवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले तर ब्रेकर पडण्याची शक्यता असते, त्यामुळे नवऱ्याला गारवा की गरम पोळी, यातले एकच मिळेल. ताईंनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच अट घातली. "स्वयंपाक मी करीन. ती टाकी तुमची."

साडूभाऊंच्या सगळ्या नियोजनात या टाकीचा उल्लेख तोवर आलेला नव्हता. आरव्हीला टाक्या तीन : पिण्याच्या पाण्याची, राखाडी आणि काळी. राखाडीत मोरीचे पाणी जाते. काळीत काय जाते हे सकाळी वाचल्या जाणाऱ्या सदरात लिहू नये, पण लिहिले नाही तर सदर पुढे सरकत नाही. दर काही दिवसांनी बस डंप स्टेशनवर न्यायची, हातमोजे चढवायचे, जाड नळी जोडायची आणि झडप उघडायची. आधी काळी, मग राखाडी, म्हणजे मोरीच्या पाण्याने नळी धुऊन निघते. कॅम्पमध्ये नळी कायम जोडलेली असली तरी काळीची झडप बंदच ठेवायची. ती उघडी ठेवली तर पातळ ते वाहून जाते आणि उरलेल्याचा आत पिरॅमिड होतो. त्याला तिथले जाणते लोक पिरॅमिडच म्हणतात. इजिप्त परवडला.

साडूभाऊ आयआयटीचे. त्यांनी हा विषय दोन रात्रींत आत्मसात केला आणि आकृतीसह आम्हा सर्वांना समजावला. कॉलवर त्या दिवशी सासूबाईही होत्या. आकृती त्यांना लगेच कळली.

"आपल्या वाड्यात टोपल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मागच्या बोळातून बाई यायची. आम्हाला सांगून ठेवलेलं, त्या वेळी बोळात उतरायचं नाही. जावईबापू, तुमच्याही वाड्यात तसंच असणार."

साडूभाऊंना आठवत नव्हते. तिचे नाव तर कोणालाच आठवत नव्हते. हे काम तिच्याकडून करून घेऊ नये, असा कायदा यायला १९९३ साल उजाडले, आणि काम त्यानंतरही चालूच राहिले. याच्या उलट गांधीवादी सत्याग्रही अप्पा पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात उपोषण केले ते हे काम आपल्यालाही करू द्यावे म्हणून. ब्राह्मण कैद्याला झाडू द्यायला सरकार तयार नव्हते. अप्पांना ज्यासाठी अन्न सोडावे लागले, ते साडूभाऊंना कॅम्पग्राउंडच्या भाड्यातच मिळणार आहे. शिवाय हातमोजे घातलेला फोटो ते मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकतील आणि त्याखाली अंगठे पडतील, श्रमप्रतिष्ठेबद्दल.

सासूबाईंच्या बोलण्यानंतर शीटमध्ये नवा रकाना आला : 'टाकी'. त्यात जबाबदार व्यक्ती म्हणून साडूभाऊंनी स्वतःचे नाव घातले, हे मान्य केले पाहिजे. ताईंनी त्याशेजारी 'पर्यायी व्यक्ती' असा आणखी एक रकाना घालायला लावला, कारण नवऱ्याची कंबर त्यांना ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात साडूभाऊंचा आग्रहाचा फोन आला. ॲरिझोनाला महिनाभर या, जागेची ददात नाही, सोफ्याचा बिछाना होतो, हवा काय सांगू! आम्ही भारावलो. मग शीट उघडून पाहिले, तर पर्यायी रकान्यात आमचे नाव.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बायकोने परस्पर घेऊन ठेवली आहे. प्रवासाचे प्रयोजन विचारतील तेव्हा काय सांगायचे, याची तालीम सध्या घरात चालू आहे.